केसभर खाली लावलेला तंबोरा

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही सत्तावीस वर्षं वत्सलाबाईंच्या मागे बसलात. गमतीदार किस्से असतीलच, ते लिहून द्या." बरं म्हणालो. 'मागे बसलात' हे जरा टोचलं, पण त्यात खोटं काय होतं? मी तंबोरा वाजवतो, आणि तंबोरेवाला मागेच बसतो.

किस्से आहेत, ते सांगतो. पण त्यांच्यानंतर जे लिहिणार आहे ते गमतीचं नाही. ते छापायचं नसेल तर किस्सेही छापू नका, अशी अट मी आधीच घातली आहे. बाईंनी ऐन कीर्तीत व्हायोलिन खाली ठेवलं असं पेपरात आलं होतं. कुणी लिहिलं विरक्ती, कुणी लिहिलं अंतर्मुख साधना. कसली आलीय विरक्ती. काय झालं ते आम्हा दोघातिघांना माहीत आहे, आणि त्यातलं निम्मं माझ्या हातून झालेलं आहे. लिहू का म्हणून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. माझ्या कानाचं लिही आणि तुझ्या जिभेचंही लिही."

आता ज्यांचा गाण्या-बजावण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे सा-च्या, त्यांना पहिली जोड आणि दुसरी जोड म्हणतात, आणि शेवटची जाड ती खर्जाची. त्या एकापाठोपाठ एक छेडत राहायचं, दोन-अडीच तास, न थांबता. त्यात ताल नाही, तान नाही, नाकावर माशी बसली तर उडवायची सोय नाही. एकदा लावलेला सा शेवटपर्यंत हलत नाही, आणि त्या सा-च्या भरवशावर बाकीचे आपापले खेळ करतात. व्हायोलिनला तर हा भरवसा फारच लागतो. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनची मान कोरी. बोट कुठे ठेवायचं ते फक्त कान सांगतो. कान चुकला की बोट चुकलं.

इतकं महत्त्वाचं काम, पण लोकांना पत्ता नसतो. खंडाळ्याच्या एका बंगल्यात बाईंची बैठक होती. मालकीणबाईंनी मला एका मोठ्या कुंडीमागे बसवलं, कारण पुढून फोटो चांगला यायला हवा होता. दीड तास वाजवून झाल्यावर मध्यंतरात त्यांनी मला चहा दिला आणि प्रेमाने विचारलं, "तुम्ही कधी वाजवणार आहात?" पुणे लोकलमधून तंबोरा घेऊन तळेगावला चाललो होतो तेव्हा एका मावशींनी भोपळ्यावर टिचकी मारून बघितली. "लय वाळलाय," म्हणाल्या. एका संयोजकाने तर मोबाइलमधलं तंबोऱ्याचं यंत्र दाखवून बाईंना सुचवलं की एका माणसाचं जाणं-येणं वाचेल. बाई त्याला म्हणाल्या, "यंत्र चुकलं तर मी रागावू कुणावर?"

रागावायच्या तशाच. पोटासाठी मी रेल्वेत, लोणावळ्याला सिग्नल खात्यात होतो. घाटातल्या सिग्नलच्या तारा तपासणारा माणूस, म्हणजे बारीकसारीक बिघाड ओळखण्याची सवय होती. तरी पहिली कित्येक वर्षं बाईंनी माझा तंबोरा एका फटक्यात पास केला नाही. ग्रीनरूममध्ये मी लावायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "दत्ता, दुसरी जोड बघ." मी मणी सरकवायचो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खालच्या बाजूला तारांमध्ये मणी ओवलेले असतात, ते जरासे हलवले की सूर केसभर वर-खाली होतो. "अजून." "आता खर्ज." असं दहादा. एकदा वैतागून मी मणी हलवल्याचं नुसतं नाटक केलं. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "आता खरंच हलव."

असा तो कान होता. आणि लोणावळ्यातलं पावसाळी हवामान म्हणजे वाद्यांचा वैरी. चार महिने चपलांना बुरशी येते, तिथे व्हायोलिनचं काय. तुंगार्लीतल्या घरात बाईंनी एक लाकडी कपाट ठेवलं होतं, त्यात दिवसरात्र बल्ब जळायचा आणि व्हायोलिन त्या उबेत असायचं. बाहेर काढलं की खुंट्या फुगायच्या, तारा उतरायच्या. रंगमंचावर दिव्यांच्या गरमीनेही तारा उतरतात. बाईंना ते इतरांच्या आधी कळायचं. गज चालू असतानाच त्या बारीक स्क्रू पिळून तार जागेवर आणायच्या. लोकांना वाटायचं, ही पण एक लकबच आहे.

मला पहिली शंका आली ती गेल्याच्या गेल्या वर्षी, तळेगावच्या एका कार्यक्रमात. ग्रीनरूममध्ये मी तंबोरा लावला. दुसरी जोड अजून लावायची राहिली होती, कच्ची होती. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. चला."

बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? बाईंनी कौतुक केलं, संपलं. पण कच्ची जोड त्यांच्या कानातून आजवर कधी सुटली नव्हती. तबल्यावर युसुफभाई होते. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि बाईंच्या साथीला माझ्याइतकेच जुने. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोड गुपचूप नीट केली. मनाशी म्हटलं, थकल्या असतील. सत्तरी उलटलीय.

मग इंदुरीचा कार्यक्रम आला. देवळापुढे मांडव, समोर गाव बसलेलं, पहिल्या रांगेत फेटे. बाईंनी पुरिया धनाश्री लावला. अर्ध्या तासात दिव्यांनी तारा उतरायला लागल्या. मी वाट बघत राहिलो की आता त्यांचा हात स्क्रूकडे जाईल. गेला नाही. चारही तारा सारख्याच उतरल्यामुळे त्यांचं आपापसात जमत होतं, माझ्या तंबोऱ्याशी मात्र जमत नव्हतं. मी तारा जरा जोरात छेडल्या, म्हणजे त्यांना कळावं. त्या तल्लीन होत्या. गावातल्या लोकांना सांगता आलं नसतं काय बिनसलंय ते, पण माणसं चुळबुळ करायला लागली. सुरात नसलं की अडाण्यालाही बसवत नाही. एक आबा उठून पाय मोकळे करायला गेले. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत, इंदुरीच्या मांडवात घसरत होतं.

संथ लयीचं विलंबित संपलं, टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात मी खुंटीला हात घातला आणि तंबोरा केसभर खाली आणला. बाईंच्या सा-पाशी.

हे काय केलं ते बाहेरच्याला सांगूनही कळायचं नाही. तंबोरा लावणाऱ्याने चालू मैफलीत सा हलवणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. कलाकार चुकला तर त्याने तंबोऱ्याकडे यायचं, तंबोऱ्याने त्याच्याकडे जायचं नसतं. युसुफभाईंच्या लक्षात आलं. तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे काठाच्या वेणीवर, खालून हातोडीचे ठोके दिले की तबला उतरतो. त्यांनी मान खाली घालून चार ठोके दिले. जलद लयीची द्रुत गत सुरू झाली ती अशी रंगली की शेवटी अख्खं गाव उभं राहिलं. पाय मोकळे करायला गेलेले आबा बाईंच्या पाया पडायला आले. येताना गाडीत बाई म्हणाल्या, "आज दुसऱ्या अर्ध्यात काय मजा आली रे." मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. आता म्हणायला सोपं आहे. तेव्हा मी स्वतःला शंभर कारणं दिली. एकदाच झालंय. हवा दमट होती. बाई एकट्या आहेत, व्हायोलिनशिवाय त्यांना आहे कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर एक कारण असं होतं की बाईंचं वाजवणं थांबलं असतं तर माझंही बसणं थांबलं असतं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काय होतं?

एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं दर वेळी झालं. पुढच्या वर्षभरात एकही कार्यक्रम मी शांतपणे वाजवला नाही. पंधरा मिनिटं झाली की माझे कान टवकारायचे. आता उतरेल, आता उतरेल. टाळ्या कधी येतील याची वाट बघायची. टाळ्या आल्या नाहीत तर शेवटच्या जलद भागाच्या, म्हणजे 'झाला'च्या, गदारोळात एकेक तार खाली आणायची. युसुफभाईंच्या हातोडीकडे डोळा ठेवायचा. पुढच्या रांगेत कुणी जाणकार बसलेला दिसला की मी त्याच्याच चेहऱ्याकडे बघत राहायचो. बायको म्हणायची, तुमची बीपीची गोळी वाढली, वाजवणं बाईंचं आणि धास्ती तुम्हाला. तिला काय सांगणार? नंतर नंतर मी ग्रीनरूममध्येच तंबोरा थोडा खाली लावायला लागलो, म्हणजे मध्ये हलवायला कमी लागेल. बाई डोळे मिटून म्हणायच्या, "छान." त्यांचं 'छान' ऐकलं की मला लाज वाटायची. पूर्वी त्या एका शब्दासाठी मी जीव टाकायचो.

बोलताना त्या मान वळवून उजवा कान पुढे करायला लागल्या होत्या. व्हायोलिन डाव्या खांद्याशी असतं, पन्नास-पंचावन्न वर्षं तो आवाज डाव्या कानात गेलेला. फोन उजव्याच कानाला लावायच्या. मी बघत होतो सगळं. डोळे उघडे होते माझे.

इथपर्यंतचं मी कदाचित स्वतःला माफ करीन. पुढचं करू शकत नाही.

बाईंची एक शिष्या होती, शीतल. परंदवडीची. घरची शेती, वडील सोमाटण्याकडे कंपनीत. बारा-तेराव्या वर्षी आली तेव्हा गज धरताना जीभ बाहेर काढायची. सात वर्षं शिकली. आठवड्यातून तीनदा यायची, आधी एसटीने आणि लोकलने, नंतर वडिलांच्या गाडीवर मागे बसून. पावसाळ्यात रविवारी भुशी धरणावरची गर्दी रस्ता अडवते, तेव्हा पोरगी स्टेशनपासून केस पाठीला लावून चालत यायची. केस म्हणजे व्हायोलिनची पेटी. हात गोड होता. बाई तिच्या तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत, पण मला म्हणायच्या, "दत्ता, माझ्यामागे ही आहे बघ."

त्या वर्षी तिला रेडिओच्या ऑडिशनला बसायचं होतं. फॉर्म आणला होता. रोजच्यासारखी तालीम चालू होती, मी तंबोऱ्यावर. शिकवणीत तंबोरा मी बाईंच्या कानाप्रमाणे खाली लावत नव्हतो. तिथे बिघडवायचं कारण नव्हतं, तो खरा लावायचो. शीतलने यमन वाजवायला घेतला.

"गंधार चढतोय," बाई म्हणाल्या.

शीतलने पुन्हा लावला. गंधार, म्हणजे ग, जागेच्या वर चढत नव्हता. खर्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार ऐकू येतो, नेमका त्याच्यावर तिचं बोट पडत होतं. माझ्या मांडीला टेकलेल्या भोपळ्यात मला तो जाणवत होता.

"चढतोय शीतल. ऐक ना जरा. काय झालंय तुला?"

पोरीने बोट खाली घेतलं. गंधार बेसूर झाला. बाई म्हणाल्या, "हां. आता आला." शीतलने माझ्याकडे पाहिलं. तंबोरेवाल्याकडे तालमीत कुणी पाहत नसतं. मी तारांकडे बघत छेडत राहिलो.

आमच्यात रीत अशी की गुरू शिकवताना तंबोरेवाल्याने बोलायचं नाही. रीत चांगली आहे, नाहीतर प्रत्येक जण शहाणपण शिकवायला लागेल. त्या रीतीमागे मी लपलो. तीन आठवडे हेच चाललं. गंधार चढतोय, निषाद चढतोय, लक्ष कुठे आहे, मोबाइल बघून कान गेलेत तुमचे. पोरगी बरोबर वाजवायची तेव्हा बोलणी खायची आणि चुकीचं वाजवायची तेव्हा शाबासकी. कुणाचंही डोकं फिरेल. शेवटी बाई म्हणाल्या, "दोन वर्षं तरी फॉर्म भरू नकोस. तुझा सूर गेलाय. सात वर्षांत मी तुला कधी असं सांगितलं नव्हतं."

शीतल रडली नाही. केस बंद केली, बाईंच्या पाया पडली, माझ्याही पडली. "येते काका," म्हणाली. फाटकापर्यंत मी गेलो तिच्यामागे. तोंडाशी आलं होतं. पोरी, तुझं बरोबर आहे, एवढे चार शब्द. पण ते बोललो असतो तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं, आणि आठ दिवसांवर पुण्यात बाईंचा मोठा कार्यक्रम होता. मी म्हणालो, "सावकाश जा. रस्त्यात गर्दी आहे." ती पुन्हा आली नाही. बाई दोन महिने तिची वाट बघत होत्या आणि चिडत होत्या, की आजकालच्या पोरांना बोललेलं सहन होत नाही.

मग गेल्या वर्षी गणपतीनंतर एक निमंत्रण आलं. लोणावळ्यातच, मोठ्या सभागृहात, व्हायोलिन आणि संवादिनीची जुगलबंदी. संवादिनी म्हणजे आपली बाजाची पेटी. मुंबईचे एक नामवंत वादक येणार होते. बाई खूश होत्या. आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर. होकार देऊन मोकळ्या झाल्या.

मी युसुफभाईंच्या दुकानात गेलो. ते डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. मी सांगितलं. त्यांनी भिंग काढलं.

"दत्ताभाऊ, तंबोरा खाली येतो. तबला खाली येतो. पेटी खाली येत नसते."

"माहीत आहे."

"मग? पहिल्या वीस मिनिटांत सगळ्या सभागृहाला कळेल. पेटी एकीकडे, बाई दुसरीकडे. ते साहेब तिथेच थांबून विचारतील, बाई, जरा सूर बघता का? तेव्हा काय करणार?"

"तुम्ही सांगता का त्यांना?"

"मी हातोडी मारली, मी पण गुन्हेगार. पण पहिल्यांदा खुंटी कुणी पिळली?" मग ते जरा नरमले. "चला, दोघं जाऊ."

"नको," म्हणालो. "मीच जातो."

तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी चहा घेऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायला कानाच्या डॉक्टरांचं कार्ड खिशात घेऊन गेलो आणि तसंच परत आणलं. तिसऱ्या दिवशी बाई जुगलबंदीसाठी जुना काठाचा शालू कपाटातून काढून उन्हात घालत होत्या. म्हणाल्या, "दत्ता, तुलाही नवा झब्बा घे. नेहमी तोच निळा." आता नाही बोललो तर ही बाई तो शालू नेसून तिथे जाऊन बसेल, एवढं माझ्या डोळ्यासमोर आलं आणि मी बोललो. उभ्याउभ्याच बोललो. सरळ बोलता आलं नाही. हवामानापासून सुरुवात केली, दमटपणा, दिवे, खुंट्या. बाई ऐकत होत्या. उजवा कान पुढे.

"स्पष्ट बोल," त्या म्हणाल्या.

"तुमचा सूर उतरतो बाई. तुम्हाला कळत नाही. मी तंबोरा खाली आणतो."

त्यांनी शालूची नीट घडी घातली. चार वेळा घातली, कडा जुळेपर्यंत. मग खुर्चीत बसल्या.

"कधीपासून?"

"इंदुरीपासून."

"इंदुरीपासून." त्या बोटांवर मोजायला लागल्या. इंदुरी, चिंचवड, पुणे, नाशिक, पुन्हा पुणे. प्रत्येक ठिकाणी थांबून माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचो. पुण्यातल्या कार्यक्रमावर थांबल्या. तिथे लोकांनी उभं राहून पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या होत्या. "तिथेही?"

"तिथेही."

"म्हणजे ती मैफल तू आणि युसुफने वाजवलीत."

मी पुन्हा मान हलवली.

"डॉक्टरकडे गेले असते ना मी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मशीन लावलं असतं. कार्यक्रम कमी केले असते. नाहीतर बंद केले असते, पण मी केले असते. तू कोण ठरवणारा? तुला तंबोऱ्यावर बसवला होता, माझ्या डोक्यावर नाही."

चुकलो म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. त्या एकाएकी खुर्चीत पुढे सरकल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एवढा वेळ स्वतःविषयी ऐकताना उडाला नव्हता.

"दत्ता. शीतलचा गंधार?"

"बरोबर होता बाई."

"निषाद?"

"तोही."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी दाराकडे बघत उभा. त्या उठल्या, संयोजकांना स्वतः फोन लावला आणि "मला ऐकू येत नाही, मी वाजवणार नाही, कारण काय ते तुम्ही हवं तसं सांगा," एवढं सांगून ठेवून दिला. मग चपला घातल्या.

"रिक्षा बघ. परंदवडीला जायचंय."

"आत्ता? आधी फोन करून..."

"फोनवर मला नीट ऐकू येत नाही हे तुला माहीतच आहे की," त्या म्हणाल्या.

वडगाव गेलं, सोमाटणं आलं. मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो, पोरगी घरी नसू दे. लग्न होऊन गेलेली असू दे. काय हा विचार, पण आला.

शीतल घरी होती. पहिली पाळी करून आली होती, कंपनीचा निळा शर्ट अजून अंगावर. एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या लाइनवर लागली होती. आम्हाला दारात बघून गडबडली. तिची आई पदर सावरत बाहेर आली, "बाई, तुमी हितं? बसा, बसा. च्या ठिवते." ओसरीच्या पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "शीतल, तुझा गंधार बरोबर होता. माझा कान गेलाय. मला कळलं नाही आणि मी तुला घालवून दिलं. मी हात जोडते."

जोडले त्यांनी. शीतलने धावत येऊन ते खाली धरले. "असं नका करू बाई. मला पाप लागंल."

"व्हायोलिन कुठे आहे?"

"माळ्यावर ठिवलंय. गजाला कसर लागली, त्याच्यावरचं समदं केस तुटलं." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "मला वाटलं व्हतं बाई, माझं बरोबर हाय. घरी येऊन मोबाइलवर तपासलं पण व्हतं. पन तुमी म्हनल्यावर मोबाइल खोटा वाटला. मग मला कायच खरं वाटंना. कंपनीतबी पार्ट दोनदा मोजते मी. सुपरवायजर वरडतो."

तिची आई चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. बाई रडत होत्या. त्यांना मी सत्तावीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. शीतल त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुमचा काय दोष न्हाई बाई. तुमाला ऐकूच येत नव्हतं."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. तालमीत पाहिलं होतं तसंच. मी खाली बघितलं, पण इथे बघायला तारा नव्हत्या. ती हळू आवाजात बोलली, रागाने नाही.

"काका, तुमाला तर ऐकू येत व्हतं."

ट्रॅक्टरच्या आवाजात बाईंना ते कळलं नाही. त्यांनी डोळे पुसले, मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला आणि विचारलं, "काय म्हणाली ती?"

शीतल गप्प राहिली. तिची आईही गप्प. सांगणारा मी एकटाच होतो. मी बाईंच्या कानाशी वाकलो आणि त्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणालो, "ती म्हणतेय, मला ऐकू येत होतं."